थांबलेलं हृदय पुन्हा सुरू झाल्यावर : काय करावं, काय टाळावं

असा पेशंट घरी आला की गावभर एकच वाक्य फिरतं, "गेलाच होता, परत आणला." वाक्यात अतिशयोक्ती नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, हृदय बहुधा चालू असतं. कार्डियाक अरेस्टमध्ये पंपिंगच बंद पडतं. चार ते सहा मिनिटं रक्त मिळालं नाही की मेंदूच्या पेशी मरू लागतात. दवाखान्यात, डॉक्टर-सिस्टर जवळ असताना अरेस्ट आला तरी वाचून घरी जाणारे थोडेच. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदीत हे प्रमाण साधारण चारांत एक आहे.

मराठी माणसाला माहीत असलेलं उदाहरण अभिनेता श्रेयस तळपदेचं. 14 डिसेंबर 2023 ला मुंबईत शूटिंग आटोपून आल्यावर तो कोसळला. हृदय थांबलं होतं, छाती दाबून आणि शॉक देऊन ते सुरू केलं, मग अँजिओप्लास्टी झाली, हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर आला आणि लोकांनी धडा घेतला की प्लास्टी झाली म्हणजे माणूस ठणठणीत. आपल्या धाराशिव जिल्ह्यातला पेशंट सोलापूर, लातूर किंवा बार्शीहून घरी येतो तेव्हा पिशवीत अँजिओची सीडी, इको, ईसीजीच्या पट्ट्या, सगळे हृदयाचे कागद असतात. मेंदूचा एकही नसतो. उपाशी राहिला होता मेंदू, आणि घरी आल्यावर त्याच्याकडेच कुणी बघत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेसुद्धा जीव वाचवण्याच्या साखळीत 'बरं होणं' ही सहावी कडी 2020 मध्ये जोडली. त्यामुळे पुढच्या यादीत पथ्यपाण्यापेक्षा डोकं, थकवा आणि घरातली माणसं यांना जास्त जागा दिली आहे.

डिस्चार्जच्या दिवशी

करा : निघण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि कार्डावर लिहून मागा. हृदय अंदाजे किती मिनिटं बंद होतं? शॉक द्यावा लागला का? थांबण्याचं कारण सापडलं का? आता पंपिंग किती टक्के आहे? कारण सापडलं नसेल, किंवा पंपिंग फार कमी असेल, तर पुन्हा अरेस्ट आल्यास आपोआप शॉक देणारं मशीन, म्हणजे आयसीडी, बसवायचं का हा प्रश्न पुढच्या भेटीत काढावाच लागतो. कमी पंपिंग काही आठवड्यांनी सुधारूही शकतं, म्हणून पुन्हा इको कधी करायचा ती तारीखही घ्या.

करा : उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाले असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठून पुढच्या तपासण्या आणि औषधं योजनेत बसतात का ते विचारा. घरी पोचल्यावर हे काम दुप्पट अवघड होतं.

टाळा : फाईल एकाच माणसाच्या ताब्यात ठेवणं. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलवर असू द्या. रात्री दोनला परंड्याहून निघायची वेळ आली तर फाईल शोधत बसू नका.

भेटायला येणारे पाव्हणे

टाळा : "ओळख बघू, मी कोण?" हा प्रश्न. खाटेशी येणारा प्रत्येक जण हा विचारतो आणि आपण मोठी तपासणी केली अशा थाटात बाकीच्यांकडे बघतो. नाव आठवलं नाही की पेशंट आणखी खचतो. त्यापेक्षा दारातूनच सांगा, "आण्णा, मी वाशीचा बाळू, तुमच्या बहिणीचा मुलगा." झालं.

टाळा : एका वेळी दहा जणांची बैठक. अशा पेशंटला गर्दी, एकदम तीन बाजूंनी चाललेलं बोलणं आणि वर टीव्ही, हे झेपत नाही. दोघं जण, दहा मिनिटं, पुरे. हे सांगायचं काम घरच्या सुनेवर ढकलू नका. तिने सांगितलं तर तिलाच बोल लागतो. घरातल्या थोरल्याने सांगावं.

करा : शहाळी घेऊन येणाऱ्याला आधीच थांबवा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं चालू असलेल्याच्या, किंवा किडनी कमजोर असलेल्याच्या रक्तात ते साठू शकतं, आणि त्याने हृदयाचा ताल बिघडतो. कमी सोडियमचं म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही पोटॅशियम असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको.

डोकं

हृदय थांबून वाचलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना स्मरणशक्ती, लक्ष किंवा कामाची आखणी यांत काही ना काही अडचण येते. बऱ्याच वेळा ती सौम्य असते, म्हणून तर ती कुणाला दिसत नाही. माणूस चालतो, बोलतो, जेवतो, जुन्या दुष्काळाच्या गोष्टी बिनचूक सांगतो. पण सकाळची गोळी घेतली का, हे आठवत नाही. दुकानात तीन वस्तू आणायला जातो आणि एक घेऊन येतो. मोटार चालू करून विसरतो. चिडतो, कारण नसताना रडतो. घरचे म्हणतात, "मरणाच्या दारातून आल्यापासून स्वभावच बदलला." बदल बहुधा स्वभावात नसतो. रक्त न मिळालेल्या मेंदूची ती खूण असते.

करा : सगळ्यासाठी एकच वही आणि एकच कॅलेंडर. भिंतीवरच्या ज्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिता, त्याच्याच चौकटीत सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांच्या खुणा करा. गोळी घेतली की लगेच खूण, "नंतर करतो" नाही. चष्मा, मोबाईल, किल्ली यांची जागा ठरवून टाका आणि ती कुणी हलवू नका.

करा : एका वेळी एकच काम सांगा. "हौद भरून ये" एवढंच. ते झाल्यावर पुढचं.

करा : तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांना स्पष्ट सांगा की स्मरणशक्ती, थकवा आणि मनाची अवस्था तपासा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. तुम्ही विचारलं नाहीत तर बीपी बघून "सगळं छान आहे" ऐकून परत याल. मेंदूची बरीचशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, उरलेली हळूहळू वर्षभर चालू राहू शकते. तिसऱ्या आठवड्यात "आता हा असाच राहणार" असा निकाल लावू नका.

टाळा : या काळात सह्या. वाटणीपत्र, जमिनीचा व्यवहार, पीककर्जाचं नवंजुनं, जामीन राहणं, यातलं काहीही पहिले काही महिने नको. अडतीवरच्या सोयाबीनच्या पट्टीचा हिशोबसुद्धा दुसऱ्या माणसाने तपासावा. एटीएमचा पिन आणि मोबाईलवरचे पैशांचे व्यवहार घरातल्या विश्वासाच्या माणसाच्या नजरेखाली ठेवा. हे लिहिताना संकोच वाटत नाही, कारण आजाऱ्याच्या उशाशी कागद घेऊन येणारे नातेवाईक प्रत्येक तालुक्यात आहेत.

टाळा : "मला काहीतरी दिसलं होतं" असं पेशंट म्हणाला तर हसणं, आणि त्याला देवऋष्याकडे नेणंही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवेअर या अभ्यासात वाचलेल्या 140 जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतल्या 39 टक्क्यांनी त्या वेळचं काही ना काही जाणवल्याचं सांगितलं. त्याखेरीज आयसीयूत औषधं, अपुरी झोप आणि ताप यांमुळे भलतेसलते भास होतात. "सिस्टर मला मारायला आली होती" असं सांगणारेही भेटतात. ऐकून घ्या, आणि त्या दिवसांत खरोखर काय काय झालं ते तारीखवार सांगा. त्याच्या आठवणीत ते दिवस कोरे असतात. ते भरले की भीती कमी होते.

थकवा

करा : थकव्याला आजाराचा भाग माना. वाचलेल्यांमधली ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार आहे आणि ती महिनोन्महिने टिकते. दिवसाची शक्ती वाटून वापरायची : सकाळी अंघोळ, मग विश्रांती, मग दाढी. जड काम सकाळच्या गारव्यात. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की दुपारी बारा ते चार बाहेर नाही.

टाळा : आळशी म्हणणं. आणि याच्या उलटही, "काही करू नका, पडून राहा."

इथे एक गोष्ट रोखठोक सांगितली पाहिजे. पेशंट पुरुष असेल तर त्याला सहा महिने खाटेवरून उठू देत नाहीत. बाई असेल तर आठवड्याच्या आत ती चुलीपुढे भाकरी थापत असते आणि पाण्याची घागरही तीच उचलते. दोन्ही चूक. छाती दाबताना बरगड्या अनेकदा मोडतात, ते स्वाभाविकच आहे, कारण दाब किमान पाच सेंटिमीटर खोल द्यावा लागतो. ते दुखणं काही आठवडे राहतं. तोवर घागर, पोतं, बादली, नातवंडं, कुणीच उचलायचं नाही, बाईनेही नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा.

करा : चालणं सुरू करा, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, सपाटीवर, कुणाच्या तरी सोबत. पाच मिनिटं दोनदा, मग दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवत. वेग एवढाच की चालताना बोलता येईल. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबा. छातीत दाब, चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर तिथेच बसा. हृदयरोग्यांसाठी नीट चालवलेले व्यायाम-कार्यक्रम आपल्या देशात मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत, त्यामुळे गावाकडच्या माणसाचा कार्यक्रम म्हणजे हा रस्ता. विनोद वाटेल, पण याच्या इतका उपयोगी सल्ला या यादीत दुसरा नाही.

नवरा-बायकोचे संबंध : दोन जिने न धापता चढता येऊ लागले की साधारणपणे हरकत नसते. मात्र सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने लैंगिक ताकदीच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली जातो.

औषधं

टाळा : स्टेंट बसल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं. दात काढायचा असेल तरी दाताच्या नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

टाळा : अंगदुखीसाठी चौकातल्या दवाखान्यात सुई मारून घेणं. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक औषधं अशा हृदयाला आणि किडनीला घातक ठरू शकतात. ॲझिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि उलटीवरची ऑन्डॅनसेट्रॉन काही जणांत हृदयाचा ताल बिघडवतात. कुठल्याही डॉक्टरपुढे पहिलं वाक्य हेच, "माझं हृदय एकदा बंद पडलं होतं."

करा : जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी दाखवा. क्षार कमी झाले की ताल चुकतो. लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच लवकर.

टाळा : तंबाखू, गुटखा, बिडी. मिश्रीही तंबाखूच, हे घरातल्या म्हातारीला कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं.

खाण्याबद्दल लोकांना सगळ्यांत जास्त ऐकायचं असतं आणि सांगण्यासारखं सगळ्यांत कमी असतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, हुलग्याचं माडगं चालू द्या. लोणचं, पापड, खारवलेलं काही नको. मटणाच्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग आणि भूमकडचा खवा चार हात लांब ठेवा.

देवदर्शन आणि नवस

टाळा : "बरा झाला की दर्शनाला पायी नेईन" असा नवस पेशंटच्या पायांनी फेडणं. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणारी गर्दी आणि साधारण 45 किलोमीटरचा रस्ता ही या हृदयाची पहिली परीक्षा होऊ शकत नाही. पायी जायचंच असेल तर घरातल्या दुसऱ्याने जावं. तुळजाभवानीच्या मंदिरात महाद्वारातून जाताना पायऱ्या उतरायच्या असतात. चढ परत येताना लागतो, माणूस दमलेला असतो तेव्हा. येरमाळ्याची येडेश्वरी तर डोंगरावरच. दोन जिने सहज चढता येईपर्यंत घरूनच हात जोडा.

टाळा : नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपवास. रिकाम्या पोटी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, वर पाणी कमी, हा चक्कर येऊन पडायचा रस्ता आहे.

करा : आयसीडी बसवलं असेल तर त्याचं कार्ड खिशात ठेवा. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न थांबता पुढे जा. हातातलं यंत्र छातीवर फिरवू देऊ नका.

शेत, मोटार, गाडी

टाळा : रात्रपाळीच्या लाईटला एकट्याने विहिरीवर जाणं. अंधार, ओली जमीन, उघडा स्टार्टर, आणि पडलं तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. आयसीडी असलेल्याने तर अर्थिंग नसलेल्या मोटारीला हातच लावू नये. गळतीच्या करंटला मशीन हृदयाचा बिघाड समजून शॉक देऊ शकतं. वेल्डिंगही नको. मोबाईल मशीनपासून किमान 15 सेंटिमीटर लांब, म्हणजे शर्टाच्या डाव्या खिशात नाही.

टाळा : विहिरीत पोहणं. न्हाणीघराची कडी आतून लावणं.

टाळा : डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मोटारसायकल. अरेस्टनंतर आयसीडी बसवलं असेल तर साधारणतः काही महिने, अनेकदा सहा, गाडी चालवू देत नाहीत. ट्रक किंवा प्रवासी गाडी चालवून पोट भरणाऱ्याला मशीन बसलं असेल तर अनेक देशांत कायमची मनाई असते. कामाचा दुसरा विचार त्याने लवकर सुरू केलेला बरा.

टाळा : दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेणं. कळंब, वाशी, भूमच्या ऊसतोड कुटुंबांसाठी हे सगळ्यांत अवघड पथ्य आहे. उचल घेतली की कोयता घेऊन कारखान्यावर जावंच लागतं, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणं हे हृदय बंद पडलेल्या माणसाचं काम नाही. इको आणि चालण्याची चाचणी करून डॉक्टरांनी लेखी सांगितल्याशिवाय उचल नको. घरात पैसा कुठून येणार, हे मात्र या यादीत लिहून सुटणारं नाही. त्या कुटुंबाचा गावाने आणि सोसायटीने विचार करायला हवा.

घरातली माणसं

करा : ज्या माणसाने पेशंटला कोसळताना पाहिलं, बहुधा बायको किंवा मुलगा, त्याची विचारपूस करा. रात्री दचकून उठणं, पेशंटचा श्वास चालू आहे का हे पुन्हा पुन्हा तपासणं, दवाखान्याचं नाव काढलं की थरथरणं, हे त्यांनाही होतं. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

करा : आशाताईंना घरी बोलावून बीपी बघायला आणि गोळ्यांच्या खुणा तपासायला सांगा. या जिल्ह्याला हे नवं नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं.

करा : पेशंट तरुण असेल आणि अँजिओत ब्लॉकेज सापडलं नसेल, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी व इको करून घ्या. काही कारणं रक्तात उतरलेली असतात.

पुन्हा झालं तर

आयसीडीने एक शॉक दिला आणि माणूस ठीक आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दिवसात दोन शॉक बसले, किंवा एकानंतर बरं वाटत नसेल, तर 108.

माणूस कोसळला, हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत : एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबायचं, गाडी येईपर्यंत, माणसं बदलत. तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी सामान्य लोकांसाठी तयार केलेली पद्धत नुसती दाबण्याचीच आहे. आयसीडी असलेल्याची छातीही दाबता येते. दाबणाऱ्याला मशीनचा शॉक जाणवलाच तर हलकी झिणझिणी येते, इजा होत नाही.

टाळा : पाणी पाजणं, कांदा हुंगवणं, जीपमध्ये घालून थेट सोलापूर गाठणं. धाराशिवहून सोलापूर आणि लातूर दोन्ही 70-80 किलोमीटर, आणि मेंदूच्या हातात चार-सहा मिनिटं.

छाती दाबायला घरातल्या दोघांनी तरी शिकलं पाहिजे. अर्ध्या तासात येतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना येत्या ग्रामसभेला बोलवा आणि सगळ्यांसमोर शिकवायला सांगा.